सहा आठवड्यांत स्पॅनिश कसं येणार? मिशनला निघालेल्या भाच्यासाठी थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या बहिणीचा मुलगा, वय १९, अमेरिकेत वाढलेला, वर्षभरापूर्वी चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्समध्ये बाप्तिस्मा घेतला (लोक मॉर्मन म्हणतात, पण २०१८ पासून चर्चनेच पूर्ण नाव वापरा असा आग्रह धरलाय), आता त्याला ग्वाटेमालाचा मिशन कॉल, म्हणजे धर्मप्रचाराला जायचं चर्चचं बोलावणं, आलाय. दोन वर्षं स्पॅनिशमध्ये बोलायचं आणि त्यासाठी ट्रेनिंग सहा आठवड्यांचं, पहिला आठवडा घरून ऑनलाइन आणि बाकीचे युटा राज्यातल्या प्रोव्होला. घरचं वातावरण हिंदू, आई, म्हणजे तुमची ताई, काळजीत. तुम्ही विचारलंय की निघायला दोन महिने आहेत तर रोज किती शब्द पाठ करावेत, कुठलं अ‍ॅप घ्यावं, तिथे धर्माचं नक्की काय शिकवतात, आणि निघताना आईने औक्षण केलेलं चालेल का.

मी स्वतः स्पॅनिशमध्ये मिशन केलंय आणि नंतर शिकत असताना प्रोव्होच्या मिशनरी ट्रेनिंग सेंटरमध्ये, ज्याला सगळे एमटीसी म्हणतात, नव्या मुलामुलींना स्पॅनिश शिकवायचे. त्यामुळे जे लिहितेय ते वर्गात उभं राहून बघितलेलं आहे.

शब्दांचं टेन्शन घेऊ नका हो. शब्द येतात. सहा आठवडे दिवसभर तेच केल्यावर कुणालाही येतात. तुमच्या भाच्याची अडचण वेगळी असणार आहे आणि ती तुमच्या प्रश्नात एका ओळीत येऊन गेलीय, की त्याला चर्चमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालंय. नवीन सभासदाला साधारण वर्षभर थांबल्याशिवाय मिशनला पाठवत नाहीत, म्हणजे तो ती अट पूर्ण करून लगेचच निघतोय. त्याच्या वर्गातली बाकीची मुलं बहुतेक चर्चमध्येच जन्मलेली असतील. तीन वर्षांची असल्यापासून रविवारच्या प्रायमरीत, म्हणजे चर्चच्या लहान मुलांच्या वर्गात, गाणी म्हटलेली, हायस्कूलची चार वर्षं सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाचे वर्ग, केलेली, युटाबाहेरची मुलं तर त्यासाठी शाळेच्या आधी पहाटे उठून जातात. रिस्टोरेशन (चर्च परत स्थापन होणं), अटोनमेंट (येशूने पापांची केलेली भरपाई), कव्हेनंट (देवाशी केलेला करार) हे शब्द त्यांनी हजार वेळा ऐकलेले असतात, त्यामुळे स्पॅनिश शब्द आला की त्यांना जुन्या कल्पनेला फक्त नवं नाव लावायचं असतं. तुमच्या भाच्याला कल्पना पण नवी आणि शब्द पण नवा. तो वर्गात गप्प बसला तर सगळ्यांना वाटेल याचं स्पॅनिश कच्चं आहे, त्यालाही तसंच वाटेल, आणि तो आणखी शब्द पाठ करत बसेल. ते टाळायचंय.

आता तिथे शिकवतात कसं ते सांगते म्हणजे माझा मुद्दा कळेल. एमटीसीत भाषेचा तास वेगळा आणि धर्माचा तास वेगळा असं फारसं नसतं. दहाएक मुलामुलींचा एक गट, त्याला डिस्ट्रिक्ट म्हणतात, एक छोटी खोली, आणि दोन टीचर आलटून पालटून. टीचर म्हणजे कुणी प्रोफेसर नव्हे, मिशन करून आलेली विशीतली मुलंच, बरीचशी शेजारच्या ब्रिगॅम यंग युनिव्हर्सिटीत शिकणारी. पहिल्याच दिवसांत प्रार्थना शिकवतात, ती पण स्पॅनिशमध्ये आणि मोठ्याने. मग साक्ष द्यायला शिकवतात, म्हणजे मला काय खरं वाटतं ते चार वाक्यांत सांगायचं, यो से के, म्हणजे मला माहीत आहे की, अशी सुरुवात करून. आणि आठवडा संपायच्या आत कंपॅनियनबरोबर, म्हणजे जोडीदार मिशनरीबरोबर, बसून एका माणसाला स्पॅनिशमध्ये धडा शिकवायचा. तो माणूस म्हणजे टीचरच असतो, पण आपल्या मिशनवर भेटलेल्या एखाद्या खऱ्या व्यक्तीची भूमिका करत असतो, आणि भूमिकेतून बाहेर येत नाही.

मी एका बाईची भूमिका करायचे. नवरा दुसऱ्या गावी कामाला, घरात लहान मुलगा आजारी, देवावर विश्वास आहे पण चर्चला जाणं कधीच सुटलेलं. मी वर्गाबाहेर जायचे आणि दार वाजवून ती बाई म्हणून आत यायचे. दोघं मिशनरी समोर, हातात कागद, कागदावर सगळी वाक्यं उतरवलेली. तुमच्या घरचे कसे आहेत असं स्पॅनिशमध्ये विचारायचे, कारण ते वाक्य पाठ असतं. मी सांगायचे की मुलाला तीन रात्री ताप आहे, मला झोप नाही. आणि बहुतेक जोड्या मान डोलवून छान छान म्हणायच्या आणि कागदावरची पुढची ओळ वाचायला लागायच्या, १८२० सालच्या वसंत ऋतूत जोसेफ स्मिथ (पुढे या चर्चचा संस्थापक) नावाचा मुलगा रानात प्रार्थनेला गेला वगैरे. त्यांना कळलेलंच नसायचं मी काय बोलले. मग कधीतरी एखादा मुलगा थांबायचा, कागद उपडा ठेवायचा आणि म्हणायचा, नो एंतिएंदो, म्हणजे मला कळलं नाही, पण मला समजून घ्यायचंय, परत सांगा, हळू सांगा. मी परत सांगायचे. ताप हा शब्द तो माझ्या हातवाऱ्यांवरून ओळखायचा. आणि मग तुटक्या स्पॅनिशमध्ये विचारायचा, तुमच्या मुलासाठी प्रार्थना करू का? व्याकरणाच्या चार चुका असायच्या त्यात. पण त्या क्षणी तो मिशनरी झालेला असायचा, आणि खरं सांगते, भाषा पण त्याच क्षणापासून सुटायची त्याची, कारण आता त्याला समोरच्याला काहीतरी सांगायचं असायचं.

म्हणून मी म्हणते की स्पॅनिश आणि धर्म ही दोन ओझी वेगळी धरू नका. ज्याला काय सांगायचंय ते साध्या शब्दांत स्पष्ट आहे त्याला थोडक्या क्रियापदांवर भागवता येतं. ज्याचं डोक्यातच जड इंग्रजी आहे त्याला प्रत्येक वाक्य आधी सोपं करावं लागतं आणि मग भाषांतर, त्यात माणूस थकतो.

धर्माचं काय शिकवतात याचं सरळ उत्तर असं. एक हँडबुक असतं, प्रीच माय गॉस्पेल, २००४ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. ते ऑनलाइन कुणालाही वाचता येतं, तुम्हाला आणि ताईंनाही, आणि मी तर म्हणेन जरूर वाचा, म्हणजे आत काय चाललंय याची धास्ती उरणार नाही. त्यात चार धडे आहेत. चर्च परत कसं स्थापन झालं, माणूस कुठून आला आणि मेल्यावर काय, श्रद्धा-पश्चात्ताप-बाप्तिस्मा, आणि पुढे आयुष्यभर कसं वागायचं. हे पाठ म्हणून दाखवायचे नसतात, समोरच्याला बघून आपल्या शब्दांत सांगायचे असतात. बाकी रोज बायबल आणि बुक ऑफ मॉर्मन (या चर्चचा बायबलच्या जोडीचा धर्मग्रंथ) यांचं स्वतःचं वाचन, कंपॅनियनबरोबर वाचन, काही उतारे पाठ. जोसेफ स्मिथच्या दर्शनाचा उतारा तर सगळेच त्या भाषेत पाठ करतात, वी उना कोलुम्ना दे लुस, प्रकाशाचा एक खांब दिसला तो. मोठमोठी तत्त्वचर्चा तिथे होत नाही. आणि परीक्षा घेऊन नापास करायचा प्रकार नाही हेही ताईंना सांगा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. एक म्हणजे त्याने शाळेत स्पॅनिश घेतलं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाहीये. घेतलं असेल तर पहिले दोन आठवडे सोपे जातील, फक्त आपल्याला येतं म्हणून ढिलं पडायचं नाही. दुसरं, कंपॅनियन. दोघांनी चोवीस तास एकत्र राहायचं असतं, तो निवडता येत नाही, आणि कंपॅनियन भाषेत पुढे असेल तर तुमचा भाचा मागे राहून ऐकत बसेल, ते होऊ द्यायचं नाही. तिसरं, व्हिसा. ग्वाटेमालाचे कागद वेळेत झाले नाहीत तर तात्पुरतं अमेरिकेतच दुसऱ्या मिशनमध्ये पाठवतात, हे बऱ्याच जणांचं होतं, त्यात वाईट काही नाही. गंमत म्हणजे हे सेंटर सुरू झालं तेच व्हिसामुळे, १९६१ मध्ये मेक्सिको-अर्जेंटिनाचे व्हिसा अडकून पडलेल्या मुलांना नुसतं बसवून कशाला ठेवायचं म्हणून युनिव्हर्सिटीत स्पॅनिशचे वर्ग काढले. त्याआधी भाषा शिकायची ती तिथे गेल्यावरच. आपल्याकडे १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे या चर्चचे मिशनरी मुंबईला आणि मग पुण्याला येऊन राहिले होते, त्यांना असं कुठलं सेंटर नव्हतं.

तर दोन महिन्यांत काय करायचं. मला सगळ्यात जास्त भर ज्यावर द्यायचाय ते हे, की त्याने ते चार धडे मराठीत सांगायची सवय करावी. हो, मराठीत. तुम्ही लिहिलंय तो आजीशी मराठीच बोलतो. आजींची ऐकायची तयारी असेल तर (विचारून, आणि त्यांना पटवायला म्हणून अजिबात नाही) त्याने आजीला सांगावं की मी काय मानतो आणि का मानतो. मराठीत त्याला अटोनमेंटला तयार शब्द सापडणार नाही. मग तो सांगेल की आपण चुकतो, त्याची भरपाई आपल्याला एकट्याला जमत नाही, येशूने ती आपल्यासाठी केली असं मी मानतो. झालं! हीच वाक्यं स्पॅनिशमध्ये न्यायला सोपी आहेत. आणि आजी मधेच विचारतील, मग आपले देव खोटे का रे? त्याला तिथे थांबून, न दुखावता, प्रामाणिक उत्तर शोधावं लागेल. हा सराव त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांना मिळालेला नसतो, कारण त्यांनी आयुष्यात कधी वेगळ्या धर्माच्या घरच्या माणसाला हे समजावलेलं नसतं. मी शिकवलेल्यांत नव्याने चर्चमध्ये आलेली मुलं सुरुवातीला घाबरलेली असायची आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात समोरच्याचं ऐकून घेण्यात सगळ्यांच्या पुढे असायची, हे मी परत परत पाहिलंय.

दुसरं, रोज मोठ्याने वाचन. बुक ऑफ मॉर्मन स्पॅनिशमध्ये फुकट मिळतं, शेजारी इंग्रजी ठेवायचं, रोज एक पान, यो, नेफी, नासी दे ब्वेनोस पाद्रेस (मी, नेफी, चांगल्या आईवडिलांच्या पोटी जन्मलो) या पहिल्या ओळीपासून सुरुवात. अर्थ सगळा कळला नाही तरी चालेल. स्पॅनिश बहुतांशी लिहितात तसंच वाचतात, आणि मराठी येणाऱ्याला उच्चारांत मोठा फायदा आहे. इंग्रजीवाल्या मुलांना त आणि द काढायला आठवडे लागतात, जीभ दातांना लावा, टाळूला नको असं मी रोज सांगायचे, र साठी तर रडकुंडीला यायची मुलं. तुमच्या भाच्याला हे सगळं घरातूनच आलेलं आहे. वस्तूला लिंग असतं हे पण त्याला समजवावं लागणार नाही. आणि मे गुस्ता हे मला आवडतं सारखंच चालतं, त्यामुळे तिथे इंग्रजीवाले अडखळतात तसा तो अडखळणार नाही, फक्त त्याला कुणीतरी सांगायला हवं की इंग्रजीतून नको, मराठीतून विचार कर.

तिसरं, प्रार्थनेचा सांगाडा. पाद्रे सेलेस्तियाल म्हणजे स्वर्गातल्या पित्या, मग ते दामोस ग्रासियास पोर म्हणजे आभार, मग ते पेदीमोस के म्हणजे मागणं, शेवटी एन एल नोंब्रे दे खेसुक्रीस्तो, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन. यातल्या मागण्याच्या भागात क्रियापदाचं एक वेगळं रूप लागतं, सबजंक्टिव, जे कॉलेजच्या कोर्समध्ये खूप उशिरा शिकवतात. मिशनऱ्यांना ते पहिल्या आठवड्यात लागतं कारण त्याशिवाय ते पेदीमोस के च्या पुढे जाताच येत नाही. त्याने नियम शिकायच्या भानगडीत न पडता पाच-सहा मागणी नुसती तोंडात बसवावीत, आमच्या घराला आशीर्वाद दे, आम्हाला मदत कर, अशी. नियम नंतर आपोआप कळतो.

अ‍ॅपचं म्हणाल तर मिशनऱ्यांसाठी चर्चचंच एम्बार्क म्हणून आहे, ते पुरे. बाजारातल्या बाकी अ‍ॅपमध्ये हॉटेल आणि विमानतळ जास्त. शब्द रोज दहा-पंधरा केले तरी बास, पण ते वापरून त्याच दिवशी मोठ्याने वाक्य बोललं पाहिजे. आणि अनोळखी माणसाशी बोलताना तू नाही, उस्तेद (आपलं आदराचं तुम्ही), ही सवय आत्तापासूनच.

ताईंना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. दुसरा-तिसरा आठवडा वाईट जातो. पहिल्या आठवड्यात सगळं नवीन असतं म्हणून उत्साह असतो, नंतर त्यांना स्पीक युअर लँग्वेज म्हणजे शक्य तितकं फक्त स्पॅनिशच बोलायचं असा नियम स्वतःला घालून घ्यायला सांगतात, आणि मग एकोणीस वर्षांचा हुशार पोरगा जेवणाच्या टेबलावर लहान बाळासारखा दोन शब्दांची वाक्यं बोलतो. त्यात सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद, एकांत नाही. त्या आठवड्यातल्या फोनवर तो म्हणेल मला जमत नाहीये. मिशनरी आठवड्यातून एकदा पी-डेला, म्हणजे कपडे धुणं वगैरे खासगी कामांच्या दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात, २०१९ पासून, त्याआधी वर्षातून दोनदाच असायचा. त्या कॉलवर ताईंनी घरी ये म्हणू नये आणि रडू नको पण म्हणू नये. त्याला सांगावं, आजच्या जेवणाची प्रार्थना तुझ्या स्पॅनिशमध्ये म्हणून दाखव. तो म्हणेल आणि त्याच्या लक्षात येईल की तीन आठवड्यांपूर्वी हे येत नव्हतं. खरंच फार त्रास होत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर त्याने ब्रँच प्रेसिडेंटला, म्हणजे एमटीसीत त्याच्या गटावर देखरेख करणाऱ्या चर्चच्या माणसाला, सांगावं, तिथे डॉक्टर आणि समुपदेशकही असतात, मनात ठेवू नये. शाकाहारी असेल तर एमटीसीच्या कॅफेटेरियात निभतं, ग्वाटेमालात बीन्स आणि टॉर्टिया भरपूर, पण कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तर काय करायचं हे त्याने स्वतःच्या मनाशी आत्ताच ठरवावं.

आणि सहा आठवड्यांच्या शेवटी काय येतं? प्रार्थना येते, साक्ष देता येते, एक साधा धडा अडखळत पूर्ण होतो, रस्ता विचारता येतो. ग्वाटेमालातला पहिला बसवाला बोलेल ते काही कळणार नाही. ते अपेक्षितच आहे, म्हणून तिथे पहिले बारा आठवडे त्याला एक अनुभवी कंपॅनियन ट्रेनर म्हणून देतात आणि भाषेचा अभ्यास रोज चालूच राहतो. खरी भाषा तिथे येते. एमटीसीचं काम त्याची तोंड उघडायची भीती घालवणं.

राहिलं औक्षण. दोन गोष्टी आधी नीट समजून घ्या. मिशनला जायच्या आधी तो टेंपलमध्ये (रविवारच्या चर्चपेक्षा वेगळं खास मंदिर) एंडाउमेंट विधी घेईल, म्हणजे देवाला वचनं देईल, तिथे सभासद नसलेल्या आईवडिलांना आत जाता येत नाही. हे बऱ्याच आयांना फार लागतं आणि ते आधी माहीत असलेलं बरं, त्या दिवशी दारात कळण्यापेक्षा. दुसरं म्हणजे सेटिंग अपार्ट, स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या बऱ्याच मंडळ्यांचे प्रमुख, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि तिथून तो अधिकृत मिशनरी. याला घरच्यांना बसता येतं, सभासद नसले तरी. आणि लक्षात ठेवा की हे ऑनलाइन आठवड्याच्या आधी होतं, म्हणजे तो आठवडा तो घरातच, स्वतःच्या खोलीत असेल पण मिशनरी म्हणून. दिवसातले कित्येक तास व्हिडिओवर वर्ग, कंपॅनियन पण स्क्रीनवरच, मित्र-सिनेमा-गेम्स बंद. त्या आठवड्यात त्याला दुकानात पाठवू नका, पाहुणे बोलवू नका, खोलीचं दार लावून घेतलं तर मनाला लावून घेऊ नका.

औक्षण करायचं की नाही ते त्यालाच विचारा, पण मला विचाराल तर आईने लेकाला ओवाळणं म्हणजे आईचा आशीर्वाद, आणि मी निघाले तेव्हा माझ्या आईने मला ओवाळलं होतं. फक्त ते सेटिंग अपार्टच्या आदल्या दिवशी निवांत करा, त्या संध्याकाळी घाईत नको. वेळ कितीची ठरलीय ते त्याच्या बिशपना, म्हणजे त्याच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखांना, आत्ताच विचारून ठेवा, आणि ताईंना म्हणावं तुम्ही पण जा, पुढच्या खुर्चीवर बसा.